फिरकीवरील ‘वर’

छर्ऱ्याच्या बंदुकीवर दुर्बीण बसविली म्हणजे नेम आणि छर्रा यांचा मेळ आपोआप बसत नाही. ठरलेल्या अंतरावर तो बसवून घ्यावा लागतो. यालाच ‘झिरो करणे’ म्हणतात. दुर्बीण नळीहून चार-पाच सेंटिमीटर उंच, आणि छर्रा तर सुटताक्षणीच खाली ओढला जाऊ लागतो. त्यामुळे दृष्टिरेषा व छर्ऱ्याचा मार्ग फार तर दोन ठिकाणी छेदतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे तो फिरकीवरील शब्द. दुर्बिणीवर बहुधा ‘अप्’ असे कोरलेले असते. त्या दिशेने फिरविल्यास छर्रा वर लागतो. येथे शब्द उपाय सांगतो. १० मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण निषिद्ध असल्याने छिद्रातून नेम धरतात. अशा कित्येक जर्मन साधनांवर ‘एच’, म्हणजे ‘होख’ (उंच), हे अक्षर असते. तिकडे फिरविल्यास छर्रा खाली येतो! तेथे अक्षर उपाय न सांगता घडलेली चूक सांगते. ‘छर्रा उंच लागत असेल तर’ हे सबंध पोटवाक्य त्या एका अक्षरात अध्याहृत आहे.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. पाव कलेचा एक टप्पा १० मीटरवर सुमारे ०.७३ मिलिमीटर होतो. छर्रे ३ सेंटिमीटर खाली लागत असतील तर सुमारे ४१ टप्पे हवेत. दिशा उलटी घेतली तर तीच चूक ६ सेंटिमीटरांची होते. म्हणून अपरिचित साधनावर प्रथम दहाच टप्पे फिरवून तीन छर्रे झाडावेत, आणि ते कोणीकडे सरकले ते पाहून मगच उरलेले टप्पे फिरवावेत.