फ्लोरिडाला जायचंय? मग थंडीत जा!

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-बाबांचं वेळापत्रक बहुधा ठरलेलं असतं. न्यूजर्सी किंवा शिकागोची थंडी सोसवणार नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये निघायचं आणि दिवाळीच्या आत परतायचं. नातवंडांच्या सुट्ट्या जून ते ऑगस्ट. त्यामुळे ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड आणि मायामीचा समुद्रकिनारा नेमके जुलैत उरकले जातात. उत्तरेकडच्या राज्यांसाठी हा हिशेब चोख आहे. फ्लोरिडासाठी मात्र साफ चुकीचा.

मायामी साधारण आपल्या पाटण्याच्या अक्षांशावर येतं. तिथे थंडी-वसंत-उन्हाळा-पानगळ असे चार ऋतू शोधण्यात अर्थ नाही. ऋतू दोनच, ओला आणि कोरडा. मायामीच्या हवामान कार्यालयाने ओल्या ऋतूच्या तारखाच ठरवून दिल्या आहेत: 15 मे ते 15 ऑक्टोबर. शहरात वर्षाला सुमारे 1,700 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक याच पाच महिन्यांत.

महिने ओळखीचे वाटतील, पण हा पाऊस आपल्या मोसमी पावसासारखा हजारो किलोमीटरवरून येत नाही. त्यातला बराचसा रोज जागच्या जागी तयार होतो. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आठवा. दिवसा जमीन समुद्राहून लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि रिकामी जागा भरायला समुद्रावरची दमट हवा आत शिरते. कोकणात ती पश्चिमेकडूनच येते. फ्लोरिडाचं द्वीपकल्प म्हणजे साधारण दोनशे किलोमीटर रुंदीची पट्टी. पूर्वेला अटलांटिक, पश्चिमेला मेक्सिकोचं आखात. खारे वारे दोन्ही किनाऱ्यांवरून आत घुसतात आणि एकमेकांवर आदळतात. तिथल्या हवेला वर जाण्यावाचून गत्यंतर नसतं.

परिणाम घड्याळ लावून बघावा असा. सकाळी नऊला आभाळ निरभ्र. अकराच्या सुमारास जमिनीवर कापसासारखे ढग, समुद्रावर मात्र एकही नाही. दोन वाजेपर्यंत त्यांचे बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे मनोरे झालेले असतात, आणि तीन-चारला गडगडाटासह पाऊस कोसळतो. पाच-साडेपाचला पुन्हा लख्ख ऊन. आपला वळीवच, फक्त तो मे महिन्यात दोन-चारदा हजेरी लावून न जाता सप्टेंबरपर्यंत मुक्काम ठोकतो. कुठे पडणार हे त्या दिवशीच्या मोठ्या वाऱ्यांवर ठरतं. वारे पूर्वेचे असतील तर टक्कर आखाताच्या बाजूला सरकते आणि टँपा, फोर्ट मायर्स भिजतात; पश्चिमेचे असतील तर मायामीची पाळी.

या ढगांमुळेच फ्लोरिडा अमेरिकेतल्या सर्वाधिक विजा पडणाऱ्या राज्यांत मोडतो. वीज जवळ आली की थीम पार्कातले उघड्यावरचे पाळणे बंद होतात आणि प्लॅस्टिकचे रेनकोट चढवलेली माणसं आडोशाला उभी राहतात. तिकिटाचे पैसे अर्थातच दिवसभराचे.

पाऊस निदान तासाभरात थांबतो. चक्रीवादळाचं तसं नाही. अटलांटिकचा वादळी हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, आणि त्याचा कळस 10 सप्टेंबरच्या आसपास. कडक ऊन जूनमध्ये, मग वादळं सप्टेंबरमध्ये का? कारण पाणी सावकाश तापतं. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान 26-27 अंशांच्या वर गेलं की वादळाला इंधन मिळतं, आणि अशा ऊबदार पाण्याचा पसारा उन्हाळ्याच्या अखेरीस सर्वांत मोठा असतो. 'अँड्र्यू' 24 ऑगस्ट 1992 ला आलं, 'इर्मा' 10 सप्टेंबर 2017 ला, 'इयन' 28 सप्टेंबर 2022 ला. ऑक्टोबर उजाडला म्हणजे सुटलो, असंही नाही. त्या महिन्यात वादळं बऱ्याचदा पश्चिम कॅरिबियन किंवा आखातात जन्मतात आणि फ्लोरिडावर पश्चिमेकडून चालून येतात. 2018 चं 'मायकल' आणि 2024 चं 'मिल्टन' ही दोन्ही ऑक्टोबरमधलीच.

नोव्हेंबरच्या मध्यानंतर चित्र पालटतं. दिवस लहान, जमीन फारशी तापत नाही, उत्तरेकडून कोरडी हवा उतरते. जानेवारीत मायामीचं कमाल तापमान 24-25 अंश आणि महिन्याचा पाऊस जेमतेम 45 मिलिमीटर. एव्हरग्लेड्सच्या दलदलीतलं पाणी आटत जातं, तशा मगरी आणि पाणपक्षी उरलेल्या डबक्यांभोवती गोळा होतात. ते बघायला हाच काळ. उन्हाळ्यात तिथे डास तुम्हाला बघायला येतात.

थंडीची लाट मात्र अधूनमधून थेट खाली घसरते. जानेवारी 2020 मध्ये हवामान खात्याला चक्क इशारा द्यावा लागला होता की गारठलेले इग्वाना सरडे झाडांवरून खाली पडतील. 1894-95 च्या हिवाळ्यातल्या दोन लाटांनी राज्यातल्या संत्र्यांच्या बागा होरपळून टाकल्या. त्या गारठ्यातून भारतातून आणलेल्या मुलगोबा आंब्याचं एक कलम वाचलं, आणि त्याच्याच कोयीपासून पुढे 'हेडन' हा फ्लोरिडाचा नामांकित आंबा निपजला. जुलैत जाणाऱ्यांना भरपाई म्हणाल तर हीच. तिथल्या आंब्यांचा हंगाम तेव्हा भरात असतो.

तेव्हा तिकीट काढण्याआधी मुलांशी बोला. सर्वांत चांगला काळ डिसेंबरचे पहिले दोन आठवडे, कारण थँक्सगिव्हिंगची गर्दी ओसरलेली असते आणि नाताळची सुरू झालेली नसते. नाहीतर फेब्रुवारी किंवा एप्रिल. मार्चमध्ये कॉलेजच्या पोरांची सुट्टी असते, किनारे फुलून जातात. शाळेमुळे जुलैच गाठावा लागला, तर बाहेरचं सगळं सकाळी उरका आणि गडगडाट ऐकू आला की लगेच पक्क्या इमारतीत जा. ऑगस्ट ते ऑक्टोबरचं बुकिंग असेल, तर ते रद्द करता येण्यासारखंच घ्या. आणि डिसेंबर-जानेवारीत गेलात, तर बॅगेत एक स्वेटर असू द्या.