रोह्याची शिकार : हौशीला बंदी, शेतकऱ्यालाही सशर्त मुभा

पावसाळा सरत आला, की बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा, चिखली, मेहकर, खामगाव या तालुक्यांत सोयाबीन आणि तुरीच्या शेतांवर रात्रीचे पहारे सुरू होतात. मचाणावर बसलेला शेतकरी डबे वाजवतो, फटाके फोडतो, बॅटरीचे झोत टाकतो. तरीही पहाटे पाहावे, तर रोह्यांच्या कळपाने शेंगांनी लगडलेली तासेच्या तासे तुडवलेली असतात. अशा वेळी गावच्या पारावर एक प्रश्न हमखास निघतो : या जनावरांची शिकार का करू देत नाहीत? शहरातील वाचकाला पडणारा प्रश्न थोडा निराळा असतो. अमेरिकेत परवाना काढून दुसऱ्या राज्यात शिकारीला जाता येते, मग आपल्याकडेच बंदी का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये आहेत. मात्र, ती वरवर दिसतात तितकी सरळ नाहीत.

रोही हे हरीण नव्हे

विदर्भात ज्याला रोही म्हणतात, तीच नीलगाय होय. नावात गाय असली, तरी हा प्राणी कुरंग गटातील असून आशियातील सर्वांत मोठा कुरंग म्हणून तो ओळखला जातो. पूर्ण वाढलेला नर निळसर करड्या रंगाचा असतो आणि त्याचे वजन दोनशे किलोच्याही पुढे जाऊ शकते. मादी तांबूस असून तिला शिंगे नसतात. सांबर, चितळ ही खरी हरणे. त्यांची शिंगे भरीव असतात, दरवर्षी गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. कुरंगांची शिंगे पोकळ असतात आणि ती जन्मभर टिकतात. काळवीट, चिंकारा आणि चौशिंगा हे याच बाजूचे प्राणी होत.

हा फरक केवळ प्राणिशास्त्रापुरता नाही. काळवीट, चिंकारा व चौशिंगा हे कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. रोही मात्र दुसऱ्या अनुसूचीत आहे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली; त्यापूर्वी रोह्याचे स्थान तिसऱ्या अनुसूचीत होते. पिकाचे नुकसान या एकाच कारणासाठी पहिल्या अनुसूचीतील प्राणी मारण्याची परवानगी मिळत नाही. दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांबाबत ती मिळू शकते. एकाच शेतात काळवीट आणि रोही दोन्ही चरत असले, तरी कायद्याच्या लेखी ते दोन वेगळे प्राणी आहेत, हे शेतकऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावे लागते.

टेक्सासमधला रोही

भारतातून नेलेल्या रोह्यांना १९२० ते १९४० या काळात अमेरिकेच्या टेक्सास राज्यात किंग रँच या विस्तीर्ण पशुपालन क्षेत्रात सोडण्यात आले. दक्षिण टेक्सासच्या किनारी भागात त्यांची संख्या पुढे प्रचंड वाढली. गुरांना ताप आणणाऱ्या गोचिडीचा प्रसार रोह्यांमार्फतही होतो, असे आढळल्याने तेथे त्यांची संख्या आटोक्यात ठेवणे ही पशुपालकांची गरज ठरली. लगूना अटास्कोसा हे राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान सार्वजनिक मालकीचे आहे. तेथेही रोह्यांची नियंत्रित शिकार होते. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्याला टेक्सासचा शिकार परवाना आणि त्या आश्रयस्थानाची परवानगी घ्यावी लागते, सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचा दाखलाही बहुतेकांना लागतो. मारलेल्या जनावराचे मांस शिकारी घरी नेतो.

म्हणजे, बुलढाण्यात ज्याला हात लावणे हा गुन्हा आहे, त्याच प्राण्याच्या शिकारीचा बेत टेक्सासमध्ये राजरोस आखता येतो. कारण तेथे रोही परका आहे, येथे तो मूळचा रहिवासी आहे. शिवाय, जनावर मारणाऱ्याच्या मालकीचे होते, ही तिकडची कल्पना भारतीय कायद्याला मान्य नाही.

परवान्यांचा काळ

भारतात परवान्याने शिकार कधीच होत नव्हती, असे मात्र नाही. वऱ्हाड जेव्हा मध्य प्रांताशी जोडलेला होता, तेव्हा जंगलांचे खंड पाडून शिकारीचे परवाने दिले जात. १९७२ चा अधिनियम झाला, तेव्हाही त्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्यांची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली आणि कलम ९ अन्वये शिकारीवर सरसकट बंदी आली. त्यामुळे आज देशातील कोणत्याही राज्यात, सरकारी जंगलात असो की खासगी शेतात, हौसेखातर रोह्याची शिकार करण्याचा परवाना अस्तित्वातच नाही.

या बंदीची किंमत सर्वांनी सारखी मोजलेली नाही. बंदुकधारी हौशी शिकाऱ्याचा एक छंद गेला. मात्र बुलढाणा, अकोला, अमरावती भागांत फासे लावून पोट भरणाऱ्या फासेपारधी समाजाचा पिढीजात व्यवसायच बेकायदा ठरला. इंग्रजी अमलातील गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला, तरी उपजीविकेचा प्रश्न शिल्लक राहिला.

कलम ११ ची अरुंद वाट

बंदीला कायद्याने ठेवलेला मुख्य अपवाद म्हणजे कलम ११. दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी आदेशाने, कारणे नमूद करून, ठरावीक क्षेत्रात त्या प्राण्याला अथवा कळपाला मारण्याची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रोही व रानडुक्कर यांच्यापुरती ही पद्धत सुलभ करून अधिकार क्षेत्रीय वनाधिकाऱ्यांकडे सोपवले.

परवानगी 'कोणत्याही व्यक्तीला' देता येते, असे कलमाचे शब्द आहेत. त्यामुळे बाहेरगावच्या, अगदी परराज्यातील निष्णात नेमबाजालाही शेतकऱ्याच्या मदतीला बोलावता येईल. मात्र, तो येतो तो कामगिरीवर, सहलीवर नव्हे. आदेशातील क्षेत्राबाहेर त्याला पाऊल टाकता येत नाही. अभयारण्याच्या हद्दीत तर हा परवाना चालतच नाही. मारलेला प्राणी शासनाच्या मालकीचा होतो. मांस खाता येत नाही, शिंगे भिंतीवर लावता येत नाहीत. विनापरवाना शिकार केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. गुन्हा पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबत किंवा अभयारण्यात घडला, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैदेची शिक्षा आहे.

मोकामाचा धडा

याहून मोठे दार कलम ६२ उघडते. या कलमानुसार केंद्र सरकार एखाद्या भागात ठरावीक मुदतीसाठी एखादा प्राणी उपद्रवी जाहीर करू शकते, आणि त्या मुदतीत त्याचे कायदेशीर संरक्षण संपते. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारमधील काही जिल्ह्यांसाठी रोह्याबाबत अशी अधिसूचना निघाली. जून २०१६ मध्ये मोकामा येथे हैदराबादहून बोलावलेल्या शिकाऱ्यांनी काही दिवसांतच दोनशेहून अधिक रोही मारले. त्यावरून केंद्रीय मंत्रिमंडळातील दोन मंत्र्यांचे मतभेद जाहीरपणे पुढे आले. हजारो एकरांवरील पिके वाचवायची होती, हे राज्याचे म्हणणे होते. कळपच्या कळप मारणे हा उपाय नव्हे, हे विरोधकांचे. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२५ मध्ये दुसरी वाट धरली. तेथे हेलिकॉप्टरच्या साहाय्याने काळवीट आणि रोही हाकून पकडण्यात आले व संरक्षित जंगलात नेऊन सोडण्यात आले.

परवाना मिळाला तरी बंदूक कुठे?

बुलढाण्याच्या शेतकऱ्यापुढील अडचण याहून साधी आहे. परवाना मिळाला, तरी रोही मारायचा कशाने? पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये आहे. पण अशी बंदूक फारच थोड्या घरांत असते आणि निवडणुका आल्या, की ती बहुधा पोलिस ठाण्यात जमा करावी लागते. रात्रीच्या अंधारात रोह्याची तांबूस मादी आणि सांबराची मादी यांत गफलत झाली, तर रोह्याचा परवाना बचावाला येत नाही.

यातूनच सर्वांत घातक पळवाट निघते. ती म्हणजे कुंपणाच्या तारेत सोडलेला घरगुती विजेचा प्रवाह. त्यात रोही मरतो, तसेच शेजाऱ्याची गाय आणि रात्री पाणी द्यायला निघालेला माणूसही मरतो. कायद्याच्या दृष्टीने हीसुद्धा शिकारच. तिला कलम ११ चा आधार नाही, आणि माणूस दगावल्यास मनुष्यवधाचा गुन्हा वेगळा. सौरकुंपणाचा झटका थांबून थांबून बसतो. जनावर बिचकते, मरत नाही. जंगलालगतच्या गावांना अशा कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळू शकते. नुकसान झालेच, तर विलंब न करता वन विभागाकडे तक्रार नोंदवून पंचनामा करून घेणे आवश्यक असते. उशिरा केलेल्या तक्रारीत नुकसान सिद्ध करणेच अवघड होऊन बसते.

रोह्यांची संख्या का वाढली, याचे एक उत्तर ज्ञानगंगा अभयारण्यात दडलेले आहे. बुलढाणा आणि खामगाव यांच्यामधल्या या जंगलात बिबटे आहेत. पण पूर्ण वाढलेला रोही लोळवणे हे वाघाचे काम. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर येथून २०१९ च्या जूनमध्ये निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ तेलंगणाची हद्द ओलांडून, पुन्हा महाराष्ट्रात येत, १३०० किलोमीटरहून अधिक भटकंती करून त्या वर्षाच्या डिसेंबरात ज्ञानगंगेत पोहोचला आणि काही महिने तेथे राहिला. परराज्यातून फिरून आलेल्या या शिकाऱ्याला कोणत्याही कलमाखाली परवाना लागला नाही. मात्र, त्याला तेथे जोडीदारीण मिळाली नाही आणि रोह्यांचा पहारा पुन्हा मचाणावरच्या शेतकऱ्याकडेच राहिला.