‘नाही’ ऐकण्याचा सराव

भातुकली हा आपला नात्यांचा पहिला खेळ. त्यात कुणी बाबा होतं, कुणी आई. बाबा कामाला जातात, आई चुलीपाशी बसते आणि मोठ्यांच्या घरात जे चालतं तेच त्या इवल्या भांड्यांत शिजतं. घरातले बाबा ओरडत असतील तर भातुकलीतले बाबाही ओरडतात. कुणी शिकवत नाही, तरी मूल शिकतं. आपला मोक्षपटही असाच. सापशिडीचा हा जुना अवतार परंपरेनं ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. सद्गुणाला शिडी, दुर्गुणाला साप. म्हणजे खेळता खेळता चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात, ही कल्पना आपल्याला परकी नाही.

आता मुलांच्या हातात मोबाइल आहे आणि त्यात व्हिडिओ गेम. ‘डोळे खराब होतील’ एवढंच आपण म्हणतो. पण हे खेळ नात्यांविषयी काय शिकवतात, हे कधी विचारलंय आपण?

१९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘डाँकी काँग’ आला. त्यात एक दांडगा वानर मुलीला पळवून नेतो आणि नायक शिड्या चढून तिला सोडवतो. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मुलीच्या जागी राजकन्या आली. बाकी कथा तीच. उड्या मारा, पडलात तर पुन्हा सुरुवात करा, चिकाटी सोडू नका. शेवटी ती मिळतेच. तिला काय हवं होतं, हे विचारायची सोय त्या खेळात नाही. आपल्या कितीतरी सिनेमांतही हेच नाही का? नायिका दहा वेळा ‘नाही’ म्हणते आणि अकराव्यांदा गाण्यात नाचते.

याची किंमत कोण मोजतं? १९९० साली उल्हासनगरला दहावीच्या परीक्षा केंद्रात शिरून एका मुलीला जाळून मारलं गेलं. २०२० साली हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून दिलं. मध्ये तीस वर्षं गेली. पण अशा बातम्यांतले शब्द बदलले नाहीत : ‘एकतर्फी प्रेमातून’. मी कविता लिहिणारा माणूस, शब्द मला टोचतात. ज्यात समोरच्याच्या इच्छेला जागाच नाही, त्याला ‘प्रेम’ म्हणून आपण गुन्हेगाराला अर्धी माफी आधीच देऊन टाकतो.

अमेरिकेतल्या एका बापाची गोष्ट सांगतो. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात २००६ साली ड्रू क्रेसेन्टे यांच्या अठरा वर्षांच्या मुलीचा, जेनिफर अ‍ॅनचा, तिच्या पूर्वीच्या मित्रानं खून केला. त्याच वर्षी या बापानं मुलीच्या नावानं ‘जेनिफर अ‍ॅन्स ग्रुप’ ही संस्था काढली. पत्रकं वाटली, माहितीची कार्डं छापली. पण तरुण मुलं पत्रकं किती वाचणार? मुलं असतात तिथं जायचं त्यांनी ठरवलं. २००८पासून त्यांनी व्हिडिओ गेम बनवण्याची स्पर्धा सुरू केली. विषय एकच : तरुण नात्यांतला छळ ओळखणं आणि थांबवणं. अट मात्र मोलाची होती. खेळात हिंसा दाखवायची नाही.

या स्पर्धेतून आलेला ‘ग्रेसेस डायरी’ हा एक खेळ. ग्रेस नावाच्या मुलीला आपल्या मैत्रिणीचं काहीतरी बिनसलंय असं वाटतं. खेळणाऱ्यानं ग्रेसच्या खोलीतल्या वस्तू शोधायच्या. एकेका वस्तूबरोबर एकेक आठवण जागी होते आणि मैत्रिणीचा मित्र तिच्याशी कसा वागतो ते उलगडत जातं. मग त्या मैत्रिणीशी बोलायचं. काय बोलायचं, ते आपण निवडायचं. कुणाला मारायचं नाही, काही जिंकायचं नाही; ऐकायचं आणि शब्द जपून वापरायचे.

दुसरा खेळ ‘फ्लॉरेन्स’. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या ‘माउंटन्स’ या स्टुडिओनं तो २०१८ साली आणला. फ्लॉरेन्स ही तरुणी आणि चेलो वाजवणारा क्रिश नावाचा भारतीय तरुण यांची ही गोष्ट. पहिल्या भेटीत बोलणं सुचत नाही, म्हणून संवादाचे तुकडे जुळवायला वेळ लागतो. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात. भांडण झालं की त्याच तुकड्यांना टोकं येतात. क्रिश राहायला येतो तेव्हा त्याच्या सामानाला जागा करण्यासाठी फ्लॉरेन्सच्या कोणत्या वस्तू आत टाकायच्या, ते खेळणाऱ्याला ठरवावं लागतं. शेवटी दोघं वेगळे होतात. पण इथं तो पराभव नाही. फ्लॉरेन्स लहानपणी सुटलेल्या चित्रकलेकडे परत जाते. नातं संपलं म्हणजे आयुष्य संपलं नाही, हे एक वाक्यही न उच्चारता मुलाच्या बोटांना कळतं.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. २०२२ साली ‘गो निशा गो’ हा हिंदी मोबाइल गेम आला, पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींसाठी. पाळी, आरोग्य, मैत्री, शिक्षण अशा प्रश्नांवर निशाच्या वतीनं खेळणारी मुलगी निर्णय घेते आणि त्याचे परिणाम पाहते. खेळाचं बळ यातच आहे. व्याख्यानात मूल ऐकतं, खेळात ते निवडतं. निवड चुकली तर पुन्हा खेळता येतं. आयुष्यात ती मुभा नेहमी मिळत नाही.

पण खेळ म्हणजे जादूची कांडी नव्हे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठानं अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी ‘प्लेफॉरवर्ड’ नावाचा खेळ बनवला आणि ३३३ मुलांवर तो पारखून पाहिला. २०१७ साली निष्कर्ष आले. लैंगिक आरोग्याविषयीची माहिती वाढली, दृष्टिकोन सुधारला. पण लैंगिक संबंध सुरू होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. म्हणजे कळणं आणि वळणं यांतलं अंतर एकटा खेळ कापू शकत नाही.

ते अंतर माणसांनीच कापायचं. गझलेतला आशिक जन्मभर नकार ऐकतो आणि त्याचा शेर करतो; हे त्याचं मोठेपण. पण त्याच गझलेनं तिच्या गल्लीतल्या फेऱ्याही गोड करून ठेवल्या. कागदावर त्या शोभतात. खऱ्या गल्लीत मात्र त्या मुलीला शाळेचा रस्ता बदलावा लागतो. ही गोष्ट कवीनं सांगायला हवी, शिक्षकानं सांगायला हवी आणि बापानंही.

म्हणून मोबाइल हिसकावून घेण्याआधी एकदा मुलाशेजारी बसा. त्याच्याबरोबर एखादा डाव खेळा. मग सहज विचारा : ‘त्या मुलीला काय वाटलं असेल रे?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ती ‘नाही’ म्हणाली तर काय करायचं, याचा सराव आपल्या मुलांना कुठेतरी मिळायलाच हवा. तो घरात मिळाला तर फारच उत्तम.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)