लिलावात बोली लावताय? आधी एवढं तपासा

जुन्या बाहुल्या, रेशमी स्कार्फ, दागिने जमवणाऱ्यांना आता परदेशातल्या लिलावातही मोबाईलवरून बोली लावता येते. पण लिलावातला माल बहुतेक वेळा ‘आहे तसा’ विकला जातो. हातोडा पडला की माघार नाही. म्हणून काय बघायचं, ते आम्ही थोडक्यात सांगतो.

बाहुली : जुन्या फ्रेंच, जर्मन बाहुल्यांचं डोकं अनेकदा बिनचकाकीच्या चिनीमातीचं असतं. कारखान्याची खूण बहुधा मानेच्या मागे, केसांखाली असते. डोक्याच्या आतून उजेड पाडला की केसासारखी बारीक तडही दिसते. अशा तडीने किंमत बरीच उतरते. फोटोत ती दिसत नाही, म्हणून विचारून घ्या.

स्कार्फ : एर्मेस कंपनीचे रेशमी स्कार्फ १९३७ पासून निघतात. नेहमीचा आकार ९० बाय ९० सेंटिमीटर. कडा हाताने वळून शिवलेली, गोलसर असते. मशीनची सपाट शिलाई दिसली तर सावध राहा.

दागिने : इंग्लंडच्या चांदीवर चालत्या सिंहाचा छाप म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी.

आता पैशांचं. बोली १०,००० रुपयांवर थांबली आणि लिलावघराचं कमिशन २५ टक्के असेल, तर झाले १२,५००. वर कर, टपाल, कस्टम ड्युटी. म्हणजे खिशाची मर्यादा हा सगळा खर्च धरून ठरवा आणि बोली त्याच्या आत ठेवा.

आणखी एक गोष्ट. घरातले जुने दागिने वजनावर मोडायच्या आधी त्यावरचे छापही एकदा नीट बघा. जुनेपणाची, कारागिरीची किंमत तराजूत येत नाही.