इराणचे कनारे: अरुंद मागावरचे लांब गालिचे

इराणी घरातल्या लांबट बैठकीत पूर्वी गालिच्यांचा संच अंथरत. मध्यभागी मोठा गालिचा, त्याच्या डोक्याशी आडवा ‘कल्लेगी’ आणि दोन्ही लांब बाजूंना भिंतीलगत दोन अरुंद ‘कनारे’. पुढे हे गालिचे युरोप-अमेरिकेत विकले गेले, तेव्हा संच फुटले आणि कनारे जिन्यांवर, लांब मार्गिकांत जाऊन पडले. त्यांची रुंदी साधारण एक मीटर, लांबी तीन ते पाच मीटर, कधी त्याहूनही जास्त.

एवढ्या अरुंद जागेत मोठ्या गालिच्यासारखे एकच भव्य पदक, म्हणजे मध्यवर्ती आकृती, मांडता येत नाही. म्हणून नक्षी लांबीच्या दिशेने पुढे सरकते. वायव्य इराणातल्या कराजा गावच्या कनाऱ्यांवर कोनदार पदके एकापाठोपाठ एक येतात. सराबचे विणकर उंटाच्या लोकरीच्या रंगाची जमीन मोकळी ठेवून तिच्यावर पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराची पदके जोडत नेतात. हमदान आणि मलायरकडे कोयरीच्या किंवा ‘हेराती’ (फुलाभोवती वळलेली पाने) नक्षीच्या ओळी संपूर्ण जमीन भरून टाकतात. अशा गालिच्याची खरी मजा त्याच्या कडेने चालताना कळते.

खेड्यांतल्या बायका पुष्कळदा आराखडा न ठेवता आठवणीतून विणत. लांब गालिच्याचा विणून झालेला भाग मागावर खाली सरकवला जाई, त्यामुळे मागची नक्षी नजरेआड होई. म्हणूनच एकाच कनाऱ्यावरची दोन पदके तंतोतंत सारखी नसतात आणि शेवटचे पदक कधी दाटीवाटीने बसवलेले दिसते. मापात काटेकोर असलेल्या कारखानी गालिच्यात हा जिवंतपणा सापडत नाही.

रंगांचे मोल तितकेच मोठे. लाल मंजिष्ठेच्या मुळांतून, निळा निळीतून, पिवळसर छटा डाळिंबाच्या सालीतून मिळे. लोकर थोडी थोडी रंगवली जात असल्याने एकाच रंगात फिकट-गडद पट्टे उमटतात. त्यांना ‘अब्राश’ म्हणतात आणि जाणकारांना ते हवेसे वाटतात. लोहयुक्त काळ्या-तपकिरी रंगाने लोकर कुरतडली जाते, म्हणून जुन्या गालिच्यात तेवढा भाग खोलगट होऊन शेजारची नक्षी उठून दिसते. 1856 नंतर युरोपात निघालेले कृत्रिम रंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इराणात पोचले. त्यातले सुरुवातीचे बरेचसे उन्हात विटत, पाण्यात फुटत. लव बाजूला करून मुळाशी पाहिले, तर टोकाकडचा रंग किती उडाला आहे ते कळते.

शंभर वर्षांपलीकडचा कनारा निवडताना दोन्ही टोकेही तपासावी लागतात. झिजलेली किंवा जागेत न मावणारी टोके कापून टाकण्याची चाल होती. अशा गालिच्याची आडवी किनार एका बाजूला गायब असते आणि किंमत बरीच उतरते.