उवांवर नेमकं काय चालतं?
शाळा सुरू झाल्या की मुलांच्या डोक्यात उवा आणि घरात उपायांची चर्चा ठरलेलीच. मेडिकलमध्ये मिळणारं १ टक्का पर्मेथ्रिन उवा मारतं, पण लिखा बऱ्याचदा वाचतात. त्या ७ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून नवव्या दिवशी औषध पुन्हा लावायचं. घरोघरी चुकतं ते इथेच! शिवाय अनेक देशांत उवा आता या औषधाला दाद देत नाहीत.

ब्रिटनमधल्या २००७च्या एका चाचणीत मॅलेथिऑनने ३३ टक्के, तर डायमेथिकोनने ७० टक्के रुग्णांची सुटका झाली. हे सिलिकॉनचं तेल उवेला वेढून मारतं, तिला विष घालत नाही. तिथेच २००५मध्ये कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतून बारीक फणी फिरवून ५७ टक्के मुलं उवामुक्त झाली. एकदाच औषध लावलेल्यांत १३ टक्के. अर्थात, फणी दर चार दिवसांनी, दोन आठवडे फिरवावी लागते.

हट्टी उवांसाठी आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या आहेत, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. सीताफळाच्या बियांची पूड मात्र टाळा. डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. आणि रॉकेल? ते तर पेट घेतं.