त्वचेची वीण

त्वचा हा आकारमानाने मानवी शरीराचा सर्वांत मोठा अवयव मानला जातो. प्रौढ व्यक्तीच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे दीड ते दोन चौरस मीटर असते. असंख्य सूक्ष्म पेशींचे हे आवरण रोजचे घर्षण व ताण सोसूनही उसवत नाही, याचे श्रेय तिच्यातील घट्ट विणीला आहे.

बाह्यत्वचेतील शेजारच्या पेशी 'डेस्मोसोम' नावाच्या सूक्ष्म दुव्यांनी जोडलेल्या असतात. त्यांतील डेस्मोग्लीन हे प्रथिन कॅल्शियमच्या साहाय्याने शेजारच्या पेशीतील प्रथिनात गुंतते. पेशीच्या आत हाच दुवा केराटिनच्या चिवट तंतूंना बांधलेला असतो. त्यामुळे एका पेशीवर आलेला ताण अनेक पेशींत विभागला जातो. सर्वांत खालचा थर तशाच दुव्यांनी आधारपटलावर व तेथून कोलॅजनच्या तंतूंनी अंतस्त्वचेत रोवलेला असतो.

'पेम्फिगस' या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती डेस्मोग्लीनवरच हल्ला करते. वीण सुटते आणि तोंडात व अंगावर फोड येतात. हा विकार संसर्गजन्य नाही. रुग्णाचे अंथरूण वा भांडी वेगळी ठेवण्याचे कारण नाही. वेळीच उपचार केल्यास तो आटोक्यात येतो.

खोलवर भाजल्यास मात्र आवरणच नष्ट होते. शरीरातील द्रव वाहून जातो व जंतुसंसर्ग शिरतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील २६ मे २०१६ व २३ मे २०२४ चे स्फोट आपल्या परिसराच्या स्मरणात आहेत. अशा जखमांवर रुग्णाच्याच निरोगी त्वचेचा पातळ थर बसवितात. प्रारंभी रक्तातील फायब्रिन त्यास गोंदाप्रमाणे धरून ठेवते. दोन-तीन दिवसांत सूक्ष्म रक्तवाहिन्या जुळू लागतात. या काळात थर किंचित सरकला, वा त्याखाली रक्त साचले, तरी रोपण वाया जाऊ शकते. म्हणूनच पट्टी सैल करू नये व तो भाग हलवू नये, असा आग्रह धरला जातो. आप्तांनी तो कृपया मानावा.

शरीराचा मोठा भाग भाजला असता रुग्णाची स्वतःची त्वचा अपुरी पडते. तेव्हा मरणोत्तर दानातून मिळालेली त्वचा तात्पुरते आच्छादन ठरते. ती कायमची जुळत नाही. परंतु जखम झाकून रुग्णाला मोलाचा अवधी मिळवून देते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. ठाणे जिल्ह्यात ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही अशी पेढी आहे. मृत्यूनंतर साधारणतः सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठ येथील केवळ वरचा पातळ थर घेतला जातो. देह विद्रूप होत नाही, अंत्यविधीस बाधा येत नाही, रक्तगट जुळविण्याचीही आवश्यकता नसते. ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा दीर्घकाळ टिकते.

देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे आप्त यांनी या दानाचा विचार आजच आपल्या कुटुंबात बोलून ठेवावा, ही नम्र विनंती. दुःखाच्या त्या सहा तासांत निर्णय घेणे कठीण असते. आधी ठरलेले असल्यास तो सोपा होतो.